लाखमोलाचे कान

डोंबिवली,
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय मनू,


गणपती तीन दिवसांवर आलेत आणि मी पितळेची भांडी चिंचेत भिजत टाकून पत्र लिहायला बसलेय. परवा फोनवर तू म्हणालीस, "आठवडाभर ऑफिस, शनिवारी पोरांच्या शिकवण्या, आणि मंगळवारी रात्री लोक जेवत असताना गायचं. स्वतःला गायिका म्हणवून घ्यायची लाज वाटते, आत्या." मी "होईल गं सगळं नीट" म्हणून वेळ मारून नेली. फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला.

तुझ्याच न्यूयॉर्कात दोन आठवड्यांपूर्वी जॅझ गायिका शीला जॉर्डन गेल्या. वय ९६. त्यांची रेकॉर्ड मला तूच ऐकवली होतीस. आपल्या हिराबाई, मोगूबाई, तशा मी त्यांना मनातल्या मनात शीलाबाई म्हणते.

जन्म १९२८चा, डेट्रॉइटचा. बालपण मात्र पेन्सिल्व्हेनियातल्या समरहिलला, कोळशाच्या खाणींच्या गावात, आजीआजोबांच्या घरी, अगदी हलाखीत गेलं. शाळकरी वयात डेट्रॉइटला परतल्यावर एका खाण्याच्या दुकानातल्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून चार्ली पार्करचा सॅक्सोफोन ऐकला आणि पोरीनं ठरवून टाकलं की आपण हेच गायचं. पुढे न्यूयॉर्कला लेनी ट्रिस्टानो या पियानोवादकाकडे त्या शिकायला गेल्या. त्याची तालीम अशी की पार्कर, लेस्टर यंग यांचे सोलो रेकॉर्डवरून ऐकायचे आणि जसेच्या तसे गळ्यातून म्हणायचे. गुरुमुखी विद्याच ही, फक्त गुरूचं मुख तबकडीत. पार्करनं तर त्यांना सांगितलं होतं की तुझे कान लाखमोलाचे आहेत. गळ्याची नव्हे, कानांची तारीफ केली, हे लक्षात घे.

आणि या कानांनी पोट भरलं का? नाही. पियानोवादक ड्यूक जॉर्डनशी झालेलं लग्न मोडलं, पदरात लहान मुलगी. शीलाबाई एका जाहिरात कंपनीत टायपिस्ट, सेक्रेटरी म्हणून लागल्या आणि जवळजवळ साठीपर्यंत नोकरी करत राहिल्या. दिवसा दुसऱ्यांची पत्रं टाइप करायची आणि आठवड्यातून एक-दोन रात्री ग्रेनिच व्हिलेजमधल्या पेज थ्री नावाच्या क्लबमध्ये गायचं. १९६२ साली ब्लू नोट कंपनीनं त्यांची 'पोर्ट्रेट ऑफ शीला' रेकॉर्ड केली. जाणकारांनी वाहवा केली. त्यानंतर स्वतःच्या नावाची पुढची रेकॉर्ड केली ती १९७५मध्ये. मधली तेरा वर्षं मोजून बघ, म्हणजे तुझी ही नोकरी करत गाण्याची तीन वर्षं किती ते कळेल.

'पोर्ट्रेट ऑफ शीला'वरचं 'डॅट डेअर' परवा पुन्हा लावलं. लहान मूल आईबापाला प्रश्नांनी भंडावून सोडतं, तसलं गाणं. साथीला फक्त स्टीव्ह स्वॉलोचा बास. पियानो नाही, ड्रम नाहीत. मी पन्नास वर्षं तानपुऱ्यापाशी बसलेली बाई. मला आधी ते ओकंबोकं वाटलं. मग कळलं, आपला षड्ज जमिनीसारखा असतो, कुठेही हिंडून या, तो जागच्या जागी सापडतो. बासची जमीन चालती असते. कॉर्ड बदलला की पायाखालचा सूर सरकतो, आणि गाणाऱ्यानं तो सरकायच्या आधी ओळखायचा असतो. पियानो असला तर तो कॉर्ड भरून दाखवतो, चुकलं तरी झाकलं जातं. नुसत्या बासबरोबर झाकायला काही नाही. शीलाबाईंनी मात्र तीच साथ हट्टानं धरली आणि नंतर हार्वी स्वॉर्ट्झ, कॅमेरन ब्राउन यांच्याबरोबर नुसता गळा आणि बास अशा मैफली कितीतरी वर्षं केल्या. लाखमोलाचे कान लागतात म्हणजे काय, ते मला त्या चार तारांनी शिकवलं.

१९७८पासून त्या न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात जॅझ गायन शिकवायला लागल्या. ऑफिस चालूच होतं. पुढे पाव शतकाहून अधिक काळ शिकवलं. आधी चाल जशी लिहिली तशी गा, शब्द समजून घे, मग काय फिरवायचं ते फिरव, हा त्यांचा धडा. आपण नाही का म्हणत, बंदिश आधी नीट बसू दे, तानांची घाई नको? अमेरिकेतल्या जॅझवाल्यांचा सर्वांत मोठा सरकारी सन्मान २०१२ साली मिळाला, तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या.

पोटासाठी दोन-तीन कामं करत कला सांभाळणं आपल्याकडेही चालत आलंय. मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या हाताखाली सिनेमाचं काम करायचा. 'अलबेला'त तो बॅंडसकट पडद्यावरही दिसतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचे आणि प्यारेलालना शिकवायचे. शिष्यानं गुरूचं नाव एका गाण्यात घातलं आणि गुरू देशभर पोचले. एकाच कलेवर एकाच रीतीनं जगलेले कलाकार फार थोडे, मनू. बाकीच्यांनी दोन-तीन चुली मांडल्या.

पण नोकरी आणि शिकवण्या गाणं राखतात, असं गोड गोड तुला लिहून पाठवलं तर ते खोटं होईल. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. मी एकतीस वर्षं बॅंकेत काढली. गाणं मेलं ते बॅंकेमुळे नाही. "मार्चएंड उरकला की बसू", "मुलाची दहावी होऊ दे", या वाक्यांनी मेलं. एकदा एका मंडळानं सकाळच्या मैफलीला बोलावलं होतं. रजा मिळण्यासारखी होती, मी मागितलीच नाही. शीलाबाईंकडे रिकामा वेळ माझ्याहून जास्त नव्हता. त्यांच्याकडे ठरलेली रात्र होती. दर आठवड्याला, कुणी ऐको न ऐको. तुझा मंगळवार तो आहे. लोक जेवत असतील, जेवू देत.

आणि शिकवण्यानं गळा बसतो ही तुझी तक्रार खरी आहे, पण दोष शिकवण्याचा नाही. तू पोरांबरोबर प्रत्येक ओळ गातेस, हो ना? मीही पहिली दहा वर्षं तेच केलं. एकदा गळा बसला म्हणून आठवडाभर नुसती ऐकत, हाताने खाणाखुणा करत शिकवलं, आणि पोरं त्या आठवड्यात जेवढी पुढे गेली तेवढी महिन्यात गेली नव्हती. एकदा म्हणून दाखव, मग गप्प बस आणि ऐक. मूल श्वास कुठे तोडतं, कुठला सूर घाबरून घेतं, ते ऐकता ऐकता मंगळवारी तुझा स्वतःचा श्वास कुठे तुटतो तेही ऐकू यायला लागेल. शनिवारचं काम गाण्यातून वजा होत नाही, ते कानांत जमा होतं. फक्त ते खर्च करायला मंगळवार हवा.

मंगळवारी तुझ्या साथीला बास वाजवणाऱ्या मुलाला विचार, एखादं गाणं पियानोवाल्याला पाणी प्यायला पाठवून तुम्ही दोघंच करता का. पडलात तर पडलात. रेकॉर्डिंग मला पाठव.

भांडी वाट बघतायत. उकडीचे मोदक तिथे जमले नाहीत तर तळणीचे कर.

तुझी,
आत्या

ता. क. शनिवारच्या शिकवणीतला तो एक मुलगा बेसूर आहे असं तू म्हणालीस ना? फोनवर मागे त्याचं गाणं चालू होतं ते मी ऐकलं. बेसूर नाही तो. तू सगळं तुझ्या काळी चारला घेतेस, खालचे सूर त्याला लागत नाहीत म्हणून तो बिचारा पुटपुटतो. पट्टी काळी पाच कर आणि शनिवारी पुन्हा ऐक.