आईचा श्वास

पहाटेआधी आईला दम लागतो. आमच्या झाई गावात थंडीच्या दिवसांत बांबूंवर बोंबील सुकत असतात. तोच वास घेऊन समुद्राकडचा वारा खिडकीतून येतो. मी तिला पुढे वाकवून बसवते, स्टुलावर उशी, उशीवर तिचे हात. नर्सबाईंनी शिकवलं तसं नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. तिच्याबरोबर माझाही श्वास लांबतो.

मासळी साफ करून खरखरीत झालेल्या तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते. एकोणनव्वद. ऑक्सिजनच्या मशीनची कळ वाढवावीशी वाटते. पण आईला सीओपीडी आहे, फुफ्फुसांचा जुनाट आजार. अशा पेशंटला साधारण 88 ते 92 टक्के पुरतात. ऑक्सिजन जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. हात आवरणं हीही सेवाच, आणि ती अवघड.

विडीला तिने कधी हात लावला नाही. चूल मात्र जन्मभर फुंकली. तेव्हा तिच्या खोकल्याकडे कुणी पाहिलं? मीही धुरात तिच्या शेजारीच बसायचे.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऑक्सिजनची कळ फिरवू नका. आणि चुलीपुढे कुणी खोकत असेल, तर फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी वेळेत करून घ्या.