स्टोरेज बदलायची रात्र

2000 च्या आसपास स्टोरेज बदलायचं म्हणजे शनिवारची रात्र त्यातच जायची. आठवडाभर आधी सगळ्या विभागांना नोटीस. रात्री डेटाबेस बंद, फाइल सिस्टिम अनमाउंट, मग टेपवर बॅकअप. डीएलटीची टेप भरली की ड्राइव्ह ती बाहेर काढायचा आणि पेंगणारा कुणीतरी उठून पुढची आत सरकवायचा. त्यानंतर नव्या ॲरेवर रिस्टोअर, एफएसटॅबमध्ये नवी नावं, आणि एफएसचेक सुरू झालं की स्क्रीनकडे बघत बसणं. उजाडायला महापेच्या टपरीवर चहा घेताना अकाउंट्सवालेही सोबत असायचे. सोमवारचे आकडे त्यांनाच जुळवून बघायचे असत.

एचपी-यूएक्सवर लॉजिकल व्हॉल्यूम आधीपासून होते. त्याच धर्तीवर हाइन्झ माउएल्सहागेन यांनी 1998 मध्ये लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिलं. आमच्या धंद्याला याहून मोठी देणगी क्वचितच मिळाली असेल.

आता हेच काम भर दुपारी, ऑर्डरी येत असताना होतं. नवं लन मल्टिपाथवर दिसलं की पीव्हीक्रिएट करायचं, व्हीजीएक्स्टेंडने ते जुन्याच ग्रुपमध्ये घ्यायचं आणि पीव्हीमूव्ह लावून द्यायचं. डेटा एक्स्टेंटमध्ये विभागलेला असतो. काही वेगळं सांगितलं नसेल तर एक एक्स्टेंट 4 एमबीचा. एकेका भागाचा तात्पुरता मिरर तयार होतो, दोन्हीकडे सारखं झालं की जुनी बाजू सोडून दिली जाते. फाइल सिस्टिमला याचा पत्ताही नसतो. मध्येच सर्व्हर बसला तर उठल्यावर नुसतं पीव्हीमूव्ह म्हणायचं, राहिलं तिथून काम पुढे चालू. शेवटी व्हीजीरिड्यूस, की जुना ॲरे मोकळा.

त्या जागरणांची मला मुळीच ओढ नाही. ओढ आहे ती एका गोष्टीची: तेव्हा दर वेळी बॅकअप खरोखर रिस्टोअर करावाच लागे. टेप वाचता येते की नाही, हे त्याच रात्री कळायचं. आता बॅकअपच्या पडद्यावरची हिरवी खूण पाहून सगळे निर्धास्त.

म्हणून मी अजूनही पीव्हीमूव्हआधी दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघायला लावतो. टीममधली मुलं विचारतात, "सर, चालू सिस्टिमवरच होतंय, मग हे कशाला?" मागच्या वेळचं एलव्हीएसचं आउटपुट मी त्यांच्यापुढे ठेवतो. डिव्हाइसच्या रकान्यात जुन्या आणि नव्या, दोन्ही ॲरेंच्या डिस्क असतात. काम अर्धं झालेलं असताना यातला कुठलाही एक गेला, तरी व्हॉल्यूम गेलं. मग रिस्टोअर पूर्ण होईपर्यंत आम्ही सगळे थांबतो.