भूमीच्या मुळांतील रेषा

लाकूड फोडणारास विचारा. तो सांगेल कीं, घाव रेषेच्या बाजूनें बसला तर ओंडका सहज दुभंगतो, आणि आडवा बसला तर हातांस मात्र झिणझिण्या येतात. अशीच एक रेषा आपल्या पायांखालीं शंभर-दोनशें किलोमीटर खोल असलेल्या खडकांतहि असते, असें म्हटलें तर आमच्या बालवाचकांस थट्टा वाटेल. परंतु ही थट्टा नव्हे. आणि ती रेषा किती जुनी, ह्यावर विद्वानांचा वाद अद्यापि मिटलेला नाहीं.

आमच्या मेजावर कॅल्साइट नामक खनिजाचा एक पारदर्शक तुकडा असतो. तो छापील ओळीवर ठेविला कीं एका ओळीच्या दोन दिसूं लागतात. (घरांतील मुलांचा हा आवडता खेळ; पुस्तकांचीं पानें मळतात, तें वेगळें.) प्रकाश त्यांत शिरतांच दुभंगतो, व त्याचे दोन भाग भिन्न वेगांनीं चालतात. डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन यांनीं हा चमत्कार १६६९ सालीं वर्णिला. भूकंपाच्या आडव्या लहरींचीहि हीच गत होते.

पृथ्वीच्या कवचाखालील खडकांत ऑलिव्हीन हें हिरवट खनिज मुख्य. त्याच्या स्फटिकांतून दाबाची लहर एका अक्षानें सेकंदास सुमारें ९.९ किलोमीटर धांवते, तर दुसऱ्या अक्षानें अवघी ७.७. स्फटिक वेडेवांकडे पडलेले असले तर हा फरक परस्परांत जिरून जातो. परंतु तापलेला खडक लक्षावधि वर्षें हळूहळू ओढला गेला म्हणजे स्फटिक एका दिशेस वळतात. पुढें तो निवाला कीं तें वळण तसेंच राहतें.

आतां हें ओळखावयाचें कसें? येथील युक्ति आम्हांस फार आवडते. दूरच्या भूकंपाची एक लहर पृथ्वीच्या गाभ्यांतून येते. बाह्य गाभा द्रवरूप; त्यांतून आडवी लहर जाऊं शकत नाहीं, म्हणून ती तेवढ्यापुरती दाबाची लहर होते व बाहेर पडतांना पुन्हा आडवी होते. त्या योगें मागच्या वाटेवरचें सारें दुभंगणें पुसलें जातें. पाटी कोरी होते. मग यंत्रावर एकीच्या जागीं दोन लहरी मागेंपुढें उमटल्या, तर तो भेद यंत्राच्या बाजूच्याच खडकानें केला, हें निश्चित. शंभर किलोमीटर जाडीच्या थरांत वेगाचा फरक शेंकडा ४ असला, तर दोहोंमध्यें सुमारें एका सेकंदाचें अंतर पडतें.

पण ही लहर जवळजवळ उभी वर येते. म्हणून भेद किती हें कळतें, तो कोणत्या खोलीवर झाला हें कळत नाहीं. वाद उभा राहतो तो येथेंच. पॉल सिल्व्हर व विन्स्टन चॅन यांनीं १९८८ सालीं असें प्रतिपादिलें कीं, ही रेषा म्हणजे खंडाच्या थंड, ताठर शिलावरणांत गोठलेली प्राचीन हालचाल होय. दुसरा पक्ष म्हणतो, ती त्याखालच्या मऊ थराच्या आजच्या वाहण्याची खूण आहे.

१९९७ ते १९९९ ह्या काळांत दक्षिण आफ्रिकेंत व शेजारच्या देशांत सुमारें ८० ठिकाणीं भूकंपमापक यंत्रें मांडण्यांत आलीं. तेथील कापवाल भूखंड ३०० कोटी वर्षांच्या घरांतला. भेद लहान निघाला, सरासरी पाऊण सेकंदाहूनहि कमी. परंतु दिशा जागोजाग बदलत होती, व ती भूमीवरील प्राचीन पट्ट्यांच्या वळणाशीं जुळत होती. वाहता थर एवढ्या थोड्या अंतरांत अशीं वळणें घेईल, हें आम्हांस पटत नाहीं. शिवाय किंबर्ली येथील हिऱ्यांच्या खाणींत, सुमारें ९ कोटी वर्षांपूर्वीं ज्वालामुखीनें खोलांतून वर आणलेले खडक सांपडतात. त्यांतील ऑलिव्हीनचे कण खरोखरच एका दिशेस वळलेले दिसतात. हातीं धरतां येईल असा हा साक्षीदार!

तथापि दुसरा पक्ष निरुत्तर नाहीं. पृष्ठभागावरून धांवणाऱ्या लहरींत लांब लहर खोलवर पोंचते, आंखूड लहर वरवर जाते. तेव्हां त्यांच्या साह्यानें खोलीचा उलगडा होतो. २०१० सालीं हुआइयु युआन व बार्बरा रोमानोविच यांनीं उत्तर अमेरिकेखालीं पाहिलें, तों शिलावरणांतच दोन थर आढळले, आणि त्यांच्याहि खालीं खंडाच्या आजच्या गतीशीं जुळणारी दिशा. म्हणजे एकाच यंत्राखालीं जुन्या व नव्या रेषा एकीवर एक असूं शकतात, व यंत्रावर उमटते ती त्यांची बेरीज. कापवालाखालीं त्या बेरजेंत प्राचीन वांटा मोठा असावा, असें आम्ही मानतों.