झाड तर उभं आहे ना?

“पेड तो खडा है ना, मॅडम?”

चौकीतल्या माणसाने हे विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात टवाळी नव्हती. मी नेमकी कसली फिर्याद घेऊन आले आहे, हेच त्याला कळत नव्हतं. झाड कुणी तोडून नेलं नाही, ते पडलं नाही, पानं हिरवीगार आहेत. मग गेलं काय? मी म्हटलं, साल गेली. तो म्हणाला, “छाल तो फिर आ जाएगी.” लिहून घ्यायला त्याने कागदसुद्धा पुढे ओढला नाही. या गोष्टीला आता बराच काळ लोटला, तरी ते वाक्य आठवलं की माझा जीव आजही जळतो.

आम्ही भिलाईचे. बाबा मूळ भंडाऱ्याकडचे. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस 1959 साली सुरू झाली, त्यानंतर काही वर्षांनी ते इथे रेल मिलमध्ये लागले. 1956 पर्यंत इथला दुर्ग जिल्हा आणि भंडारा एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर, त्यामुळे परमुलखात आलो असं त्यांना कधी वाटलंच नाही. क्वार्टरच्या सांदवाडीत मुनगा, कढीपत्ता, पेरू, अडुळसा हे सगळं होतंच. रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि फंडाच्या पैशातून उतईच्या पुढे थोडी भाठा जमीन घेतली. भाठा म्हणजे लाल, मुरमाड, उंचवट्याची जमीन. कुदळ मारली की ठणकन आवाज येतो. धानाला इथे कन्हार आणि डोरसा माती हवी, भाठ्याला कुणी विचारत नाही, म्हणून ती आम्हाला परवडली. लोक म्हणाले निलगिरी लावा, पैसा सुटेल. बाबांनी औषधी झाडं लावली.

वाफे पाडून, पाट्या ठोकून लावलेली औषधी बाग नव्हे ही. बाबांना जंगल हवं होतं. जमीन जिथे नाल्याकडे उतरते, ओल टिकते, तिथे अर्जुन. शिवनाथच्या काठावर तो आपोआप वाढतो हे त्यांनी पाहिलेलं. वरच्या कोरड्या भागात बेहडा, बेल, आवळा, कडुनिंब. झाडांच्या सावलीला सर्पगंधा, कालमेघ, शतावरी. कडुनिंबावर गुळवेल. आणि चारी बाजूंनी निर्गुंडी व अडुळसा, कारण धान कापून झालं की गावाची सगळी गुरं, शेळ्या मोकळ्या सुटतात आणि या दोन झाडांना शेळीसुद्धा तोंड लावत नाही. कुंपणही झालं आणि औषधही. निर्गुंडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधायचा, अडुळशाचा रस मधातून खोकल्याला. ज्यांना हा म्हातारपणाचा चाळा वाटतो त्यांना मी सांगते की, खोकल्याच्या बाटलीत जे ब्रोमहेक्झिन असतं ते अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून घडवलेलं आहे. आणि सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं, तेव्हा कुठे जगाने त्या मुळीकडे नीट पाहिलं. पण सर्पगंधा मुळासाठी हवी, म्हणजे अख्खं रोपच उपटायचं. जगाने पाहिलं आणि जंगलातून ती दिसेनाशी होऊ लागली. आमच्याकडची सर्पगंधा आम्ही कुणाला देत नाही आणि स्वतःही घेत नाही. रक्तदाबाची मुळी घरी उगाळून घ्यायची हे मला मान्य नाही, तिथे गोळीच बरी.

अर्जुनाचं मात्र वेगळं होतं. बाबांची अँजिओप्लास्टी झाली त्यानंतर ते क्षीरपाक घ्यायला लागले. कुटलेली साल एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग. पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. दुधाला विटकरी रंग येतो, चव तुरट. डॉक्टरांना विचारूनच. ते म्हणाले, घ्या, पण गोळ्या एक दिवसही बंद करायच्या नाहीत. बाबांनी दोन्ही पाळलं.

साल कशी काढायची हे आम्हाला शेजारच्या बाडीतल्या दाईने शिकवलं; दाई म्हणजे इकडे आई. तिचे वडील गावचे बैद. हरेलीला, म्हणजे आपल्या दिव्यांच्या अवसेलाच, ती कडुनिंबाची डहाळी आमच्या दाराला खोचून जायची आणि राऊतांनी, म्हणजे गुराख्यांनी, जंगलातून आणून उकडलेल्या कंदाचा प्रसाद द्यायची. अर्जुनाला इकडे कौहा म्हणतात. ती म्हणाली, “छाली ला चारो कोती ले झन निकालबे नोनी, रुख मर जाही. ए बच्छर उत्ती, आन बच्छर बुडती.” चारी बाजूंनी साल काढू नकोस पोरी, झाड मरेल; यंदा उगवतीच्या बाजूची, पुढच्या खेपेला मावळतीची. तीही वरवरची, हंसियाने, म्हणजे विळ्याने, अलगद, आतला ओला पापुद्रा खोडाला राहील अशी. पुढे मी वाचलं तर जबलपूरच्या वनसंशोधन संस्थेतली माणसंही थोडीफार हेच सांगतात: खोडाच्या एका बाजूचा पट्टाच घ्या, आतली साल सोडा, ती भरून आली की समोरच्या बाजूचा घ्या. बाबांनी त्याप्रमाणे आळीपाळीने साल घेतली आणि झाडाला कधी काही झालं नाही.

2022 च्या डिसेंबरात एका सकाळी मी बाडीत गेले तर नाल्याकडच्या सगळ्यात जाड अर्जुनाचं खोड लाल दिसत होतं.

जमिनीपासून वीतभर सोडून, माणसाचा हात वर जाईल तिथपर्यंत, चारी बाजूंनी साल काढलेली. हंसियाने नव्हे, टंगियाने, म्हणजे कुऱ्हाडीने. वर एक गोल घाव, खाली एक गोल घाव, मधे उभे चिरे, आणि मग सोलून नेलेली. अर्जुनाचं खोड बाहेरून राखी, गुळगुळीत, हात फिरवावासा वाटेल असं. आतून ते मांसासारखं लाल आणि ओलं होतं. मी हात लावला तर बोटं चिकट झाली. खाली चुरा पडला होता, बिडीची थोटकं होती आणि पोतं ओढत नेल्याची खूण नाल्यापर्यंत गेली होती. बाजूच्या दोन झाडांवरही घाव घातलेले, पण ती अर्धवट सोडलेली. बहुधा पोती भरली असावीत.

मला रडू आलं नाही. मी वर पाहिलं. पानं जशीच्या तशी होती, वाऱ्याला हलत होती. हेच मला सगळ्यात सहन झालं नाही. मुळांनी ओढलेलं पाणी आतल्या लाकडातून वर जातं, त्यामुळे झाड आणखी काही महिने हिरवं राहणार. पण पानांनी केलेलं अन्न सालीतूनच खाली उतरतं, तो रस्ता कापला होता. मुळं उपाशी मरणार आणि पानांना ते कळणारही नाही. चौकीतल्या माणसाला मी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि ते वाक्य म्हणाला.

मग मी काय काय केलं! शेणमातीचा लेप दिला, गोणपाट गुंडाळलं, रोज पाणी शिंपडलं. रायपूरच्या कृषी विद्यापीठात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना फोटो पाठवले. त्या म्हणाल्या, सालीची कडी तुटली की सेतूकलम करतात. त्याच झाडाच्या कोवळ्या फांद्या घ्यायच्या, एक टोक जखमेच्या खालच्या सालीत, एक वरच्या सालीत खुपसायचं, म्हणजे रस उतरायला पूल होतो. पण तो हात-दीड हात जखमेवर. पुरुषभर उंचीच्या जखमेवर पूल कसा बांधणार? तरी मी एका माळ्याला घेऊन गेले. त्याने खोड पाहिलं, जखम वितींनी मोजली आणि पैसे न घेता परत गेला. मार्चमध्ये नवी पालवीसुद्धा आली, तेव्हा मला वेडी आशा वाटली. मेमध्ये इथे पारा चढला आणि पंधरवड्यात झाड शेंड्यापासून वाळत खाली आलं.

आणि बाबा? ज्यांनी ते लावलं, बादलीने पाणी घालून वाढवलं, ज्याच्या सालीचं दूध ते पीत होते, ते बाबा म्हणाले, “नेली असेल कुणी गरजवंताने. औषधच आहे ना ते.” मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. गरजवंत मूठभर साल नेतो, बाबा, पोती नेत नाही. पोती व्यापारी नेतो, आणि ज्याच्या हाती टंगिया देतो त्याला किलोमागे चहा-समोशापुरते पैसे टेकवतो. त्या सालीची पुढे पूड होते, डबी होते, डबीवर हृदयाचं चित्र येतं. ती विकत घेणाऱ्याला कुठला अर्जुन, कुठला नाला, काही ठाऊक नसतं. मी तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, डबी घेताना दुकानदाराला विचारा, साल कुठली, कशी काढलेली. त्याला सांगता येणार नाही, पण दहा जणांनी विचारलं तर तो पुढे कुणाला तरी विचारेल.

झाडं लावण्याविषयी आपल्याकडे बोलणं फार. आमच्या जिल्ह्यातल्या नंदिनीच्या बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणींच्या जागेवर सरकारने जंगल उभं करायला घेतलं, चांगलंच केलं. पण झाडाकडून घ्यायचं कसं, हे कोण शिकवतं? चांपा-कोरबाकडे याच अर्जुनाच्या पानांवर कोशाच्या अळ्या पोसतात, रेशीम निघतं आणि झाड जागच्या जागी राहतं. दाईला जे येत होतं ते तिच्या मुलांना येत नाही. एक राजनांदगावला ट्रक चालवतो, दुसरा मोबाइलच्या दुकानात आहे. ती गेली तेव्हा कुठल्या बाजूची साल कधी घ्यायची हे माहीत असणारी गावात मी उरले, भंडाऱ्याची पोर.

पण मला आणखी एक गोष्ट आठवते आणि माझाच राग माझ्या हातात राहत नाही. एप्रिल 2021 मध्ये दुर्ग जिल्ह्यात कडक टाळेबंदी होती, रोज ओळखीतल्या कुणाची तरी बातमी येत होती. तेव्हा आमच्या कडुनिंबावरची गुळवेल लोकांनी अशीच ओरबाडली. ओळखीचे, अनोळखी, रात्री येऊन, मुळापासून. काढ्यासाठी. मला तेव्हा राग आला नव्हता. मी उलट फाटक उघडं ठेवलं होतं. पुढे मुंबईतल्या डॉक्टरांनी 2020 च्या शेवटच्या महिन्यांत पाहिलेल्या सहा रुग्णांविषयी लिहिलं, गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने ते खोडून काढलं, म्हणालं वेल दुसरीच असेल. मी दोन्ही वाचलं आणि पोटात गोळा आला, की मी कुणाकुणाला दिली? तेव्हापासून कावीळ होऊन गेलेल्याला, कसली औषधं चालू असलेल्याला मी गुळवेल देत नाही, डॉक्टरांना विचारून या म्हणते. गुळवेल मात्र फांदीवर लोंबणाऱ्या एका तुकड्यातून पुन्हा फुटली, दोन पावसाळ्यांत कडुनिंब झाकला. वेल नेणाऱ्यांना माफ करणं सोपं गेलं, अर्जुनाचं तसं होत नाही. त्याला अठरा वर्षं लागली होती.

अर्जुन वाळला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्याच्या खोडाच्या तळाशी, खालच्या घावाच्याही खाली राहिलेल्या वीतभर सालीतून धुमारे आले. अर्जुन फुटतो असा. बाबांनी त्यातले दोन ठेवले, बाकी काढले, वरचं खोड कापून घेतलं. धुमाऱ्याचं खोड साल घेण्याजोगं होईल तेव्हा बाबा नसतील आणि हे त्यांनी स्वतःच हिशेब करून मला सांगितलं. क्षीरपाक आता बंद आहे. बाजाराची पूड ते घेत नाहीत, आणि उरलेल्या दोन झाडांना हात लावायचा नाही असं मीच सांगितलंय. गोळ्या चालू आहेत.

मी तारेचं कुंपण घालून घेतलं. गावातल्या काहींना ते लागलं, एकजण तोंडावर म्हणाला, पहिले तो ऐसा नहीं था. खरंय त्याचं. पण मी ते काढणार नाही. बाबांचं म्हणणं असं की, नव्या अर्जुनाच्या रांगा कुंपणाच्या बाहेर, नाल्याच्या पलीकडच्या काठाने लावाव्यात, म्हणजे ज्याला हवी तो तिथून घेईल आणि आतलं वाचेल. मी म्हणते, बाहेर लावलेलं दहा वर्षंसुद्धा टिकणार नाही, पोतं घेऊन येणारे त्याआधी येतील. ते म्हणतात, मग येणाऱ्याला उत्ती-बुडती शिकव. यावर आमचं अजून एकमत नाही. रोपं या पावसाळ्यात नर्सरीतून आणायची आहेत, आणि खड्डे बाबांनी मला न विचारता बाहेरच खणून घेतलेत.