स्वस्त बाटलीचा दाखला

मुख्याध्यापकाने दिवाळी अंकात दारूवर लिहावे का, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. पण सीमाभागात राहणाऱ्याला हा विषय टाळू म्हणता टाळता येत नाही. एका बाजूला गोवा, मधे अबकारी नाके, गावात लष्करी छावणी आणि तिच्या कँटीनमधली रम. लग्नघरात फेणी कुणाच्या पिशवीतून आली, यावर कानडी आणि मराठी दोन्ही व्याही एकमताने गप्प बसतात. मी स्वतः फारसा पिणारा नव्हे. चव घेणारा आणि पिणारा यांत फरक असा, की पहिल्याला दुसरा घोट घेण्याआधी पहिल्याविषयी काहीतरी सांगावे लागते.

2023 च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही उभयता पुतण्याकडे अमेरिकेत गेलो होतो. तो केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात नोकरीला आहे. बोर्बन व्हिस्कीचे हे माहेरघर. गंमत म्हणजे याच राज्यात आजही काही जिल्ह्यांत दारूविक्रीला बंदी आहे. आपल्याकडचे विसंगतीचे नमुने पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये.

बोर्बन म्हणजे काय, हे तिथल्या कायद्याने ठरवून दिले आहे. धान्यात निम्म्याहून जास्त, निदान 51 टक्के मका हवा. व्हिस्की ओकच्या नव्या, आतून जाळून कोळसा केलेल्या पिंपातच मुरवायची. बाटलीत 40 टक्क्यांपेक्षा कमी मद्यार्क चालत नाही. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती गोव्याचीच. बोर्बन मात्र अमेरिकेत कुठेही करता येते, नावापुढे ‘केंटकी’ लावायचे तरच ती तिथली हवी. पीप एकदाच वापरता येते. मग ते दुसऱ्या मद्यांसाठी विकतात, त्यांतली पुष्कळशी स्कॉटलंडला जातात. उन्हाळ्यात व्हिस्की फुगून लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते आणि येताना रंग, गोडवा घेऊन येते. काही भाग दरवर्षी हवेत उडून जातो. त्याला तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. बार्ड्सटाउनजवळ अशी एक उंच कोठारे असलेली जागा पाहायला गेलो, तेव्हा वाऱ्यावर आमच्याकडच्या गुऱ्हाळासारखा वास होता.

पुतण्या म्हणाला, “काका, महागड्या बाटल्यांचे कौतुक सगळेच करतात. आपण तीस डॉलरांच्या आतल्याच घेऊ.” म्हणजे आपले सुमारे अडीच हजार रुपये. चार बाटल्या आणल्या: जिम बीम, एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलाची, वाइल्ड टर्की 101 आणि मेकर्स मार्क. मी अट घातली, की परीक्षा बोर्डाच्या पद्धतीने व्हायला हवी. सूनबाईंनी आत जाऊन पेल्यांच्या बुडाशी क्रमांक चिकटवले, प्रत्येकात दहा मिलिलिटर ओतले आणि यादी स्वतःकडे ठेवली. सौभाग्यवतींनी पिण्यास नकार दिला, पण वास घेण्याची तयारी दाखवली.

पहिल्या संध्याकाळी वाइल्ड टर्की पहिली आली. मिरे, दालचिनी आणि मागून काकवी. पण ती 50.5 टक्क्यांची, जिम बीम 40 ची. कडक व्हिस्की पहिल्या घोटाला भाव खाते, जसे मोठे अक्षर परीक्षकावर छाप पाडते. म्हणून दुसऱ्या संध्याकाळी सर्वांना 40 टक्क्यांवर आणले. 50 टक्क्यांच्या दहा मिलिलिटरला अडीच मिलिलिटर पाणी. घरात लहान मूल असल्याने औषधाची सिरिंज होतीच. आता क्रम बदलला. मेकर्स मार्कमध्ये नेहमीच्या राय धान्याऐवजी गहू असतो. ती मऊ होऊन वर सरकली. जिम बीम शेवटची, तरी नापास नव्हे. भाजलेल्या शेंगदाण्याचा तिचा वास मला आवडला. पहिला आला तीन नंबरचा पेला. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, कुंदा करताना खवा जरा जास्त परतला गेला की असाच वास येतो.” यादी उघडली. तो पेला एव्हन विल्यम्सचा होता. मेकर्स मार्कपेक्षा ती बरीच स्वस्त.

तिच्या लेबलावर ‘बॉटल्ड इन बाँड’ असे शब्द आहेत. ते 1897 च्या कायद्यातले. त्या काळी साध्या मद्यार्कात रंग आणि स्वाद मिसळून तो व्हिस्की म्हणून सर्रास विकला जाई. कर्नल टेलर नावाच्या केंटकीच्या कारखानदाराने कायद्यासाठी खटपट केली. त्यात त्याचा धंद्याचा स्वार्थ होता आणि सरकारला कराची काळजी होती. असो. निघाले ते चांगलेच निघाले. हे शब्द छापायचे तर व्हिस्की एकाच कारखान्याची, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या कोठारात निदान चार वर्षे मुरलेली आणि नेमकी 50 टक्क्यांची हवी. कुणी गाळली तेही लेबलावर लिहावे लागते. आपल्या शाळेच्या दाखल्यासारखेच हे. जन्मतारीख, गाव, पालकाचे नाव, सारे नोंदलेले.

हे ऐकताना मला माझ्या नोकरीच्या सुरुवातीचा एक विद्यार्थी आठवला. आठवीतला, गणितात हुशार. त्याचे वडील हमाल होते. एका रात्री हातभट्टीची पिऊन आले आणि सकाळी त्यांना दिसेनासे झाले. मिथेनॉल डोळ्यांवर जाते, हे मला त्या दिवशी कळले. पुढच्या वर्षी मुलगा शाळेत आला नाही. बाजारात वडिलांचा हात धरून चालताना दिसायचा. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा वर्तमानपत्र वाचताना तोच हात डोळ्यांसमोर आला. मेले ते बहुतेक मजूर. त्यांच्या दारूवर लेबल नव्हते, गाळणाऱ्याचे नाव नव्हते.

दारू वाईट, हे मी प्रार्थनेनंतर मुलांना अनेकदा सांगितले आहे आणि पुढेही सांगेन. पण माणसे पितात, आणि गरीब माणूस स्वस्तातलीच पितो. आपल्याकडे स्वस्त या शब्दातच संशय मुरलेला आहे; स्वस्त औषध, स्वस्त शाळा, स्वस्त दारू. स्वस्तपणाचा खोटेपणाशी जन्मजात संबंध नसतो. तो जडतो तपासणारा झोपला की. श्रीमंताची बाटली तिच्या किमतीच्या जोरावर उभी राहते. गरिबाच्या बाटलीमागे कायदा उभा राहावा लागतो.