वळिवड्यातला रविवार

आज लेकीला घेऊन कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला गेले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात इथल्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलंच. शाळा, चर्च, सगळं त्यांनी इथे उभं केलं. छावणीच्या बराकींपैकी आता फार थोड्या उरल्यात. लेकीनं विचारलं, "मग त्यांचे बाबा कुठे होते?" कुणी लढाईवर, कुणी सैबेरियातच गेलेले... मला नीट बोलवेना. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी कुटुंबं आली, गांधीनगर वसलं. एकाच गावानं दोनदा बेघरांना आसरा दिला, याचं मला फार मोल वाटतं. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिशांचा स्मृतिस्तंभ आहे. अंबाबाईच्या दर्शनाला याल तेव्हा मुलांना तोही दाखवा.