कसाऱ्याच्या घाटातला दिवा

कल्याणहून पडघ्यामार्गे नाशिक रस्त्याला लागले की शहापूर केव्हा मागे पडते ते कळत नाही. खरा प्रवास कसाऱ्यापासून. कसारा ते इगतपुरी एवढ्यात जमीन सुमारे 300 मीटर वर चढते. 1865 साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. 37 फूट पुढे गेले की 1 फूट वर, असा तिचा चढ. नाशिककडे जाणाऱ्या आगगाड्यांना आजही कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडतात. आगगाडीची ही तऱ्हा, तर आपल्या चारचाकीचे काय! 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा खुला झाला, घाट टळला. पण टोलचा हिशेब करणारी आमच्यासारखी माणसे अजून जुन्या रस्त्यानेच जातात.

गेल्या पावसाळ्यात आम्ही निघालो ते नाशिकला, पुतणीच्या बाळाच्या नामकरणाला. सोबत 78 वर्षांची आई. गाडी भाच्याची. गाडी म्हणजे त्याचे पोटच. कर्ज काढून घेतलेली, भाड्याने फिरवतो आणि दरमहा हप्ता भरतो.

घाटाची दुसरी वळणे चढत होतो. दाट धुके, डाव्या हाताला कड्यावरून पडणारे पाणी. आई काचेला नाक लावून बघत होती. तेवढ्यात समोर लाल दिवा लागला.

"मामा, काही नाही," भाचा म्हणाला. "घाटात लागतोच तो. वर गेलो की विझतो."

आणि खरोखर, इगतपुरीच्या सपाटीवर तो विझला! मी म्हणालो, विझला ना, मग चल. ही माझी चूक. ऑफिसात हिशेब तपासण्यात अर्धी हयात गेली, पण जो फरक दर महिन्याला येतो आणि आपोआप मिटतो, तोच आधी तपासावा, एवढे त्या वेळी सुचले नाही.

घोटीच्या अलीकडे दिवा पुन्हा लागला, तोही सपाट रस्त्यावर. भाच्याचा चेहरा उतरला. तेव्हा कुठे त्याने सगळे सांगितले. दोन महिन्यांपासून असेच चालले आहे. एका गॅरेजवाल्याने टाकीत पाणी भरून दिले. दुसऱ्याने 'सेन्सर खराब आहे' म्हणून सेन्सर बदलला. जमिनीवर थेंब पडत नाही, मग पाणी जाते कुठे? मनात एकच भीती, हेड गॅस्केट गेले असेल तर इंजिन उतरवावे लागेल. तेवढे दिवस गाडी बंद, पण हप्ता चालूच.

घोटी म्हणजे भाताच्या गिरण्यांचे गाव. रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्क मिस्त्री बसले होते. भाचा उतरला, बॅनेट उघडले आणि टाकीच्या झाकणाला हात घालणार, तोच ते ओरडले, "थांब पोरा! तोंड भाजून घेशील!"

मग त्यांनी शांतपणे समजावले. गरम इंजिनात पाणी दाबाखाली असते. दाब असल्यामुळे ते 100 अंशांवरही उकळत नाही, 120 च्या आसपासपर्यंत टिकते. झाकण काढले की दाब जातो आणि ते पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. इंजिन निवेपर्यंत हात लावायचा नाही.

तास-दीड तास बसलो. शेजारच्या टपरीवर चहा झाला. आईने तेथल्या बाईंशी ओळख काढली. घोटीच्या तांदळाचा भाव, सुनेचे बाळंतपण, सगळे विचारून झाले.

मिस्त्रींनी भाच्याला विचारले, किती दिवसांनी किती पाणी घालतोस? त्याला सांगता येईना. "अर्धा लिटर... आठ-दहा दिवसांनी." कोठे लिहून ठेवले नव्हते. टाकीत पाहिले तर कूलंटचा रंग फिका पडलेला. इतके साधे पाणी आत गेले होते! हे पाणी बंद नळ्यांमधून फिरते. निरोगी गाडीत ते फारसे कमी होतच नाही. कमी झाले याचा अर्थ ते कोठून तरी गेले.

घाटातच दिवा का, तेही उलगडले. हा दिवा पाणी किती तापले ते नव्हे, टाकीत किती आहे ते सांगतो. पाणी काठावर आले की चढावर टाकी तिरपी होते, आतला तरंगता सेन्सर खाली बसतो आणि दिवा लागतो. सपाटीवर पाणी पुन्हा सारखे होते, दिवा विझतो. बिचारा सेन्सर पहिल्यापासून खरे सांगत होता आणि आम्ही त्यालाच बदलले.

मिस्त्रींनी आधी ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल दुधासारखे झालेले नव्हते. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. भाच्याच्या जिवात जीव आला. मग टाकीच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावर लिहिला होता तेवढाच दाब भरला. पंपाच्या घड्याळाचा काटा हळूहळू खाली येऊ लागला. बॅटरी घेऊन ते खाली वाकले आणि मला बोलावले. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, तिच्या खालच्या बारीक भोकाशी एक थेंब जमत होता. भोवती सुकलेल्या कूलंटचा गुलाबी थर. आतले सील गेले की पाणी त्या भोकातून येते. गरम इंजिनावर ते तेथल्या तेथे सुकते, म्हणून जमिनीवर डाग नाही.

नवी वॉटर बॉडी घोटीत मिळणार नव्हती. मिस्त्रींनी टाकी खुणेपर्यंत भरली, पाच लिटरचा कॅन बरोबर दिला आणि बजावले, "हळू जा. तापमानाचा काटा वर सरकला तर जागेवर थांबायचे, पुढे रेटायचे नाही." तपासणीचे पैसे घेताना ते संकोचले. मी आग्रहाने दिले. दोन गॅरेजांत मिळून जे झाले नाही ते त्यांनी तासाभरात केले होते.

नामकरणाला उशीर झाला, पण बाळ जागे होते. तिसऱ्या दिवशी नाशिकमध्ये वॉटर बॉडी बदलली, जुने पाणी काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले. परतताना घाट उतरलो, दिवा लागला नाही.

आता भाच्याच्या टाकीवर काळ्या मार्करची रेघ आहे आणि डॅशबोर्डात एक वही. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, तारीख आणि पातळी. महिन्यातून एकदा ती वही मी मागून घेतो.